एक्केचाळीस नंबर

रुपयाच्या गमवर एक प्राणी फुकट.
जेल रोडला, कोठुळेंच्या दुकानात,
बरणीत हात घालायचा तो डोळे मिटून
आणि वेष्टण फाडायचं दातांनीच.
बहुतेक वेळा निघायचा धुरळ्या :
ताकद पंधरा, वेग दहा,
राहण्याचे ठिकाण जुने पंखे.
माझ्याकडे अकरा धुरळे होते.

सातशिंग्या होता, मिठाचा साप होता,
तळघरी मगर होती,
जी फक्त परीक्षेच्या आदल्या रात्री जागी असते
(हे कार्डावर नव्हतं, आमचं आम्ही ठरवलेलं).
एक्केचाळीस नंबर मात्र
अख्ख्या उपनगरात एकाकडेच,
नोएल शिरसाठकडे.

काचपंखी.
कंपासपेटीत, कर्कटकाखाली, रुमालात गुंडाळून.
चार आण्याला एकदा बघायची,
हात लावायचा नाही.

तिच्यासाठी मी दिले
अकराच्या अकरा धुरळे, सातशिंग्या,
आत होडी तरंगणारं एक पेन,
आणि शब्द, की दिवाळीपर्यंत
गणिताच्या वहीवर त्याच्या आईची सही
मी करीन.

पप्पा नोटांच्या प्रेसमध्ये.
दिवसभर कोऱ्या नोटांतल्या चुका शोधायच्या,
संध्याकाळी गेटवर खिसे उलटे करून दाखवायचे
आणि घरी आणायचा तो फक्त शाईचा वास.
त्यांनी काचपंखी दिव्याखाली धरली,
डोळ्याला भिंग लावलं.
"निळा सरकलाय," म्हणाले,
"अर्धा मिलिमीटर. उजवीकडे.
आमच्याकडे हा सबंध ताव बाद."
बाद म्हणजे काय करतात?
"तुकडे."

त्या रात्री मी तिला उशीखाली नाही ठेवलं,
मुठीतच ठेवलं.
सरकलेल्या निळ्यामुळे तर
तिच्या प्रत्येक पंखामागे आणखी एक पंख होता,
आधीच उडायला लागलेला.

नोएलची आता देवळाली कॅम्पात बेकरी आहे.
आई गेल्यावर एकदा आला होता,
खारी घेऊन.
जाताना बिलाच्या पाठीवर
तिची सही काढून मागितली, नुसतीच.
मी काढली.
शेवटचा फाटा अजून तसाच वळतो हाताला.
त्याने घडी घातली नाही, कागद तसाच धरून
जिना उतरला.

काल डबा सापडला, बिस्किटांचा, गंजलेला.
पप्पांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय.
बिटकोच्या सिग्नलला त्यांना दोन-दोन लाल दिवे दिसतात.
भाजीवाल्याने परत दिलेली पन्नासची नोट
उलटीसुलटी करून
मलाच विचारतात, खरी आहे ना गं?

मी एक्केचाळीस नंबर त्यांच्या हातात दिला.
खिडकीपाशी नेला त्यांनी,
लांब धरला, जवळ आणला,
परत लांब.
भिंग मागितलं नाही.

"हे तर जुळलंय की," म्हणाले.
"बाद कोणी केलं होतं?"

गुरुवारी ऑपरेशन आहे.
तोवर राहू दे त्यांच्याकडेच.