पाणी इथवर चढत नाही

ठरलं होतं सहाला निघायचं,
निघालो पावणेआठला.
यशोधनचा एक बूट सापडेना,
वहिनीचा उपमा खाली लागला,
आणि भाऊ मात्र पाचपासून
स्वेटर, कानटोपी, हातात काठी,
दारातल्या खुर्चीवर
बस चुकलेल्या माणसासारखे.

पंचवटीकडून सोपं आहे, सगळे म्हणाले.
चढ असा नाहीच,
थोडं वर, बरंचसं सपाट,
पायाखाली मुरूम, मध्येच लाल माती.
गुडघा बदललेल्या माणसालाही जमेल
म्हणून तर वेताळ टेकडी.
सिंहगडाचं पुढच्या वर्षी बघू.

गिरिपुष्पावर पान नव्हतं एकही,
नुसती फिकट गुलाबी फुलं,
आणि खाणीच्या बाजूला कुठेतरी
मोर ओरडत होता, दिसत नव्हता.
एक तपकिरी कुत्रं न बोलावता आमच्यात आलं
आणि कर्त्या पुरुषासारखं पुढे चालू लागलं.
वाटेत एक गृहस्थ भेटले,
दोन्ही हातांत पाच-पाच लिटरचे कॅन,
वरच्या रोपांना घालायला.
भाऊ थांबले. आधी कॅन पाहिले, मग माणूस.
"नळाचं?"
"छे हो, भाज्या धुतलेलं."
भाऊंनी मान हलवली
तोंडी परीक्षेत पास करावं तशी.

तीनदा बसले ते.
तिन्ही वेळा म्हणाले, तुमच्यासाठी थांबलोय.

देवळापाशी पोचलो तेव्हा ऊन कोवळं राहिलं नव्हतं.
वारा होता. उपमा होता, करपट, पण संपला.
आणि खाली, धुरकट दुलईतून
हळूहळू पाय बाहेर काढत असलेलं पुणं.
"एवढं?" शाल्मली म्हणाली.
मग सुरू झालं घर शोधणं.
दादाला त्याची कंपनी सापडली,
यशोधनला मॉल,
वहिनीला माहेरच्या गल्लीतलं हॉस्पिटल.
आमचं घर कुणालाच सापडेना.
बत्तीस वर्षं राहतोय त्यात,
आणि समोर नुसते टॉवर, टॉवर, क्रेन.

भाऊंनी काठी उचलली.
"ती पर्वती. तिथून निघतं.
हा कर्वे रस्ता, खालून मोठी लाइन.
ही गल्ली साडेचारची, ती पाचची,
ती पलीकडची शेवटची,
तिथे तिसऱ्या मजल्यावर एक बाई
रोज भांडायची, फोर्स नाही म्हणून.
बरोबर होतं तिचं."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.
पहाटे साडेतीनला सायकल निघायची,
दांडीला बांधलेली वॉल्वची लोखंडी चावी
खड्ड्यात वाजायची, त्यानं मी कूस बदलायचे.
एवढंच माहीत होतं मला त्यांच्या नोकरीचं.
रविवारी शेजारचे काका आम्हाला टेकडीवर आणायचे,
त्यांच्या चार पोरांत आम्ही दोघं.
पाणी रविवारीही येतं.

"तुम्ही कधीच आला नव्हता वर?"
"खालून दिसायची की."
मग जरा वेळानं,
"पाणी इथवर चढत नाही. माझं काय काम?"

काठी पुन्हा हलली.
"त्या टाकीपासून डावीकडे. पिंपळ.
पिंपळामागे निळा पत्रा. ते आपलं."
दादानं मोबाईल ताणून ताणून मोठं केलं,
निळं काहीतरी होतं खरं,
त्यावर पिवळं काहीतरी हललं,
आईनं वाळत घातलेली चादर,
किंवा दुसऱ्याच कुणाच्या आईनं.

शाल्मलीनं फोन लावला.
"आजी, गच्चीत ये, हात हलव,
आम्ही बघतोय तुला डोंगरावरून!"
स्पीकरवर आधी बादली वाजली.
"नळ आहे अजून. नंतर."
आणि फोन ठेवला.

भाऊंनी घड्याळ पाहिलं,
मग शहराकडे, बराच वेळ.
"वीस मिनिटं जास्त सोडतोय," म्हणाले,
"पोरगा नवीन दिसतो."
रागावले नव्हते.
कानटोपी काढून खिशात घातली,
आणि उतरायला सगळ्यांत आधी तेच उठले,
कुत्र्याच्याही आधी.