डावा खांदा

औसा रोडच्या चौकात, नीटच्या टॉपरांच्या रांगेत
यंदा तिचाही फोटो लागला.
सहाशे ब्याण्णव, सहाशे अठ्ठ्याऐंशी,
आणि मधेच चेंडू काखेत धरून
शिवकन्या कोरे, उदगीर. लीगमधली पहिली निवड.
फ्लेक्सवाल्यानं तिला गोरी करून टाकलं होतं.
रिक्षा थांबवून ती बघतच राहिली.
म्हणाली, आपा, ही मी न्हाई.

पहिल्या दिवशी तिनं वाकून
लाकडी कोर्टाला हात लावला
आणि कपाळाला न नेता नाकाशी नेला.
वार्निश.
तिच्या शाळेत सिमेंट होतं, रिंगेला जाळी नव्हती,
चेंडू आतून गेला की बाजूनं
यावर रोज भांडणं.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही तिला शिकवायला घेतलं,
म्हणजे कोपरानं.
उदगिरात ती उडी मारायची तेव्हा वर कोणी नसायचं.
इथं वर आधीच दोघी पोचलेल्या असतात,
तिच्यापेक्षा आठ वर्षांनी म्हाताऱ्या,
आणि त्यांना घाई नसते.

मी एकतीसची. उजव्या गुडघ्यात सहा टाके.
तिच्या जागेवर खेळते.
किंवा ती माझ्या. कोच ठरवतील.

तिसऱ्या दिवशी मला दिसलं :
डावीकडे घुसायच्या आधी
तिचा डावा खांदा पडतो.
बोटभर. तेवढंच.
तेवढ्यात मी तिच्या वाटेत जाऊन उभी राहू शकते,
चहा पिऊन.

मी कोणाला बोलले नाही.

पहिल्या मॅचला नागपूरच्या पोरींनाही ते दिसलं.
चार वेळा चेंडू हातातून गेला,
पाचव्यांदा कोचनी तिला बसवलं.
माईकवाला तरी तिचंच नाव घेत होता,
लोक तिच्यासाठीच ओरडत होते,
आणि ती टॉवेलमध्ये तोंड घालून
बुटाची नाडी पुन्हापुन्हा बांधत होती.

मॅच संपल्यावर तिचा बाप भेटला.
पंक्चरचं दुकान, नखं काळी.
डब्यात कडक भाकरी, शेंगाची चटणी, सगळ्यांना पुरेल एवढी.
बाकावरचा चेंडू उचलून त्यानं अंगठ्यानं दाबून पाहिला.
हवा बरोबर हाय, म्हणाला.
मग हळूच मला : पोरगी नीट खेळायली न्हवं?
मी हो म्हणाले.
भाकरी गिळायला पाणी लागलं.

नळाला पाणी आठव्या दिवशी येतं, तेही रात्री अडीचला.
हॉस्टेल दुसऱ्या मजल्यावर, मोटर जळालेली.
आम्ही दोघी बादल्या भरत होतो.
करारात महिन्याचा आकडा बघून तिच्या चुलत्यानं पेढे वाटले होते,
आणि इथं ती भिजलेल्या सलवारीत
जिना चढत होती, उतरत होती.
बादली डाव्या हातात. दर खेपेला.
उचलायच्या आधी खांदा पडायचा,
बोटभर,
लहानपणी कंबरेवर घागर घेताना पडत असेल तसा.

पाचव्या खेपेला ती पायरीवरच बसली.
माझ्यात काय कमी पडायलंय, आपा?

नळाची धार बारीक झाली होती.
एकतिसाव्या वर्षी माणूस बारीक धारेकडे फार वेळ बघतं.

बादली उजव्या हातानं धर, मी म्हणाले.
कामून?
धर म्हणते ना.

ती उठली, बादली उजवीकडे घेतली, चढू लागली.
मधल्या वळणावर थांबली.
स्वतःच्या डाव्या खांद्याकडे तिनं मान वळवून पाहिलं,
अंगावर पाल पडल्यासारखं.
मग वर गेली. बोलली काही नाही.

सकाळी सरावात ती माझ्यासमोर आली,
खांदे दोन्ही सारखे,
कोर्टाच्या रेघेसारखे.
मी वाट बघत राहिले बोटभर खुणेची.
ती डावीकडून कधी गेली ते
मला खाली बसल्यावर कळलं.

लाकूड सकाळी गार असतं. इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

लेअप मात्र तिचा चुकला.
चेंडू रिंगेवर दोनदा आपटून बाहेर आला, माझ्याकडे घरंगळला.
तिनं मला उठवायला हात पुढं केला.
मी आधी चेंडू घेतला.