सामानाची चिठ्ठी

व्लास्ता होराचकोवाचे वडील पाट्या रंगवायचे.
ब्र्नोच्या अर्ध्या गल्ल्यांत त्यांची सोनेरी अक्षरं:
खाटीक, शिंपी, शवपेट्यांचं दुकान,
सगळ्यांना सारखीच वेलबुट्टी, सारखीच सावली.
सावली भरायचं काम पोरीकडे.
अकराव्या वर्षी तिनं विचारलं,
अक्षराला सावली कशाला?
ते काय उन्हात उभं आहे?
बापानं कुंचला तिच्या नाकावर टेकवला.
नाक दिवसभर सोनेरी राहिलं.

पुढं ती खरवडतच गेली.
वीज कंपनीच्या बिलावरची महिरप काढली,
मग मोठी अक्षरं काढली, झाडून सगळी,
गावांची, देवाची, संचालकांच्या नावातली.
संचालक म्हणाले, बाई, मी काय ऐरागैरा आहे?

आमच्या लिपीत थोरलं-धाकटं अक्षर नसतंच, व्लास्ता.
डोक्यावर एक रेघ, तिला सगळी सारखीच टांगलेली.
तुला आवडली असती.
किंवा तू ती रेघही खोडली असतीस.

रविवारी उसना कॅमेरा घेऊन
ट्रामच्या तारांखाली ती रस्त्यात उताणी पडायची.
पोलीस धावत आला: लागलं का?
नाही, वर बघतेय.
त्यानंही टोपी सावरत एकदा वर पाहिलं
आणि घरी बायकोला काही सांगितलं नाही.
रात्री न्हाणीघरात लाल दिव्याखाली
चाळणी, कात्री, अंड्याचं कवच
थेट कागदावर मांडून ती क्षणभर उजेड सोडायची.
वस्तू जिथं होती तिथं पांढरं उठायचं,
बाकी सगळीकडे काळं.

छत्तीस साली रेल्वेनं सांगितलं,
सामानाला बांधायची चिठ्ठी करा.
एक भोक, एक दोरी, चार आकडे.
तिनं सहा महिने घेतले.
अंधारात तीन आणि आठ एक वाटू नयेत म्हणून
तिनाचं पोट सताड उघडं ठेवलं.
खिळे एमिल वाइनश्टोकनं जुळवले,
गालात बडीशेपेची गोळी, बोटांना शिसं.
दोघं फलाटाच्या दोन टोकांना उभे राहून
धुरातून, बर्फातून आकडे ओरडायचे.
हमाल हसायचे.
वीस पावलांवरून एकही चूक नाही.
तिला पदक मिळालं.
एमिलला छापखान्यानं डुकराची अख्खी तंगडी दिली,
ती त्यानं निमूट शेजाऱ्याला दिली.

बेचाळीसच्या मार्चात तो शाळेच्या आवारातून
रांगेत निघाला, स्टेशनाकडे.
गळ्यात दोरी.
भोक तेच. तिनाचं पोट उघडं.
ती रस्त्यापलीकडे, हातात पावाची पिशवी.
पावलं मोजली नाहीत. वीसच्या वर असतील.
तरी वाचता आला.

नंतर चाळीस वर्षं ती काम करत राहिली.
मिठाचे पुडे, आगपेट्या, खोकल्याचं औषध;
सरकार बदललं तसा लाल रंग वाढला,
कशावरच सही नाही.
कुणी कॅलेंडर मागितलं, वेळापत्रक मागितलं,
की म्हणायची, मनगट दुखतं.
फोटो मात्र काढत होती:
स्व्रात्का नदीवरचं धुकं, ओल्या चादरी,
काहीच धड वाचता न येणाऱ्या गोष्टी.

एक्याऐंशीत संग्रहालयातून एक मुलगा आला,
पांढरे हातमोजे, बरोबर पेन्सिल.
खणातून चिठ्ठी निघाली.
काय स्वच्छ आहे, तो म्हणाला. किती स्पष्ट.
हो, ती म्हणाली. स्पष्ट होतीच.
मोतीबिंदूमुळे चहा थोडा बशीत सांडला.
एकटीनं केलीत?
तिनं नाव सांगितलं,
मग एकेक अक्षर सुटं करून पुन्हा सांगितलं,
पेन्सिल थांबेपर्यंत थांबली.
पहिलं अक्षर मोठं काढलंस ना?
हो.
आडनावाचंही?
हो.
मग ठीक, म्हणाली, आणि बशीतला चहा पिऊन टाकला.