नावं घालणारा

तेरणेकाठच्या सात गावांत माझं नाव विचारा,
कुणाला सांगता येणार नाही.
नावंवाला म्हणतात.
खिळा, हातोडी, ठिपक्याला ठिपका,
तांब्याच्या काठावर, परातीच्या पाठीवर:
कुणी दिलं, कुणाला दिलं, कुठल्या लग्नात.
मजुरी अक्षरामागं. म्हणून गरिबाचं नाव आखूड,
आणि पाटलाचं काठभर फिरून
पुन्हा स्वतःलाच भेटायचं.

यंदा जत्रेचा भंडारा उरकला, भांडी नदीवर गेली,
आणि दोन ढिगांच्या मधोमध
एक तपेलं उरलं. सव्वाशे पानांचं.
नाव खरवडलेलं.

आमचं, वरची वेस म्हणाली.
आमचंच, खालची.
तपेल्याला काय, ते उन्हात तापत पडलं.
सोमवारी दोघांची डोकी फुटली.
गुरुवारी खालच्या वेशीचं दूध डेअरीवर नासकं ठरलं.
गिरणीवर दोन रांगा झाल्या.
व्यंकट सोळुंके, ज्यानं जन्मात तपेलं उचललं नाही,
म्हणाला, "प्रश्न तपेल्याचा नाहीच."
खरंच नव्हता.
बांधावरून बारा वर्षं न बोललेले सख्खे भाऊ
त्या आठवड्यात एका ताटात जेवले.

मग मला बोलावलं.
मी कुठल्याच वेशीचा नाही,
मामाच्या गावाला आलो आणि राहिलो.
चाळीस वर्षांत वेलांटी चुकवली नाही,
एकाच्या भांड्यावर दुसऱ्याचं नाव चढवलं नाही.
(आले होते तसेही. रात्री. नोटा घेऊन.)
"नावंवाला सांगेल ते खरं," दोन्हीकडून म्हणाले.
दोन्हीकडं काठ्या होत्या.

अंगठा फिरवला.
वरून कितीही खरवडा,
ठिपका तळाशी जिवंत राहतो.
माझ्याच हाताचा.
धु. र. प. ता.

वेशीबाहेरची धुरपता.
लेक पलटणीत लागला, पहिली मनिऑर्डर आली,
तेव्हा दिवेलागण टळून गेल्यावर आली होती,
पदराखाली तपेलं झाकत नव्हतं.
"देवाच्या पंगतीला द्यायचंय, दादा.
नाव बारीक घाल.
दिसलं नाही तरी चालंल, पर असू दे."
मानकऱ्यानं तपेलं ठेवून घेतलं.
नाव नाही ठेवलं.
तीस वर्षं दोन्ही वेशी
तिच्या तपेल्यातला भात ओरपत आल्या.

बोललो असतो तर भांडण तिथंच मिटलं असतं.
कसं मिटलं असतं तेही ठाऊक आहे.
तासाभरात दोन्ही वेशी एक झाल्या असत्या,
काठ्या त्याच,
फक्त तोंडं वळली असती
ओढ्यापलीकडच्या वीस घरांकडं.

"बोल की! कामून गप झालास?"

"हात माझाच हाय," म्हटलं.
"पण नजर गेली, बाबा. लागंना."

ठिपक्याठिपक्यानं साठवलेलं
एका वाक्यात खर्चून टाकलं.
पहिली शिवी कुठल्या वेशीची, कळलं नाही.
हशा मात्र दोन्हीकडचा होता.
तपेलं कुणाचंच नाही असं ठरलं,
शाळेला दिलं, त्यात खिचडी शिजते.
गिरणीवरच्या दोन रांगा पोळ्यापर्यंत टिकल्या म्हणे,
मग एक झाली. झाली असावी.
मी दळण दुसऱ्या गावाहून आणतो.

आता भांडी निलंग्याला जातात, मशीनवर.
पोरं मला आंधळा नावंवाला म्हणतात.
चला, अर्धं का होईना, नाव पडलं.

घरात एक तांब्या कोराच राहिला होता,
लोकांची नावं घालता घालता.
काल दुपारी पुढ्यात घेतला.
चार अक्षरं. या खेपेला मोठी घातली,
लांबूनही वाचता येतील अशी.

कुणी पाणी मागायला आलं
की ती बाजू तळहाताखाली धरून
तांब्या पुढं करतो.