बोटभर सैल

माघी गणपतीचा मांडव सुटला तेव्हा
कंत्राटदाराच्या पोराकडून सात बांबू घेतले,
साठ रुपये आणि वर एक चहा.
खांद्यावरून चार मजले चढवताना
जिन्याच्या प्रत्येक वळणाला भिंत खरवडली.
महाडेश्वर सेक्रेटरींनी दार उघडून पाहिलं,
म्हणाले, घाग, स्लॅब गळेल एक दिवस.
म्हटलं, गळू दे, खाली माझंच डोकं आहे.

खोके शेवंताबाईकडचे, मासळीचे, थर्माकोलचे.
तीनदा धुतले,
तरी भांडुपभरची मांजरं येऊन बसतात
टोमॅटोच्या बुडाशी, बोंबील उगवेल या आशेवर.

सात झाडं.
दिवाळीनंतर लावली तेव्हा बोटाएवढी,
आता कमरेला लागली आणि तिथूनच वाकली.
फळं अजून हिरवी, गोट्यांसारखी टणक,
पण वजन हिरव्यालाही असतंच.

टेकू आधी द्यायचा असतो, रोप लहान असताना.
मला ठाऊक होतं. राहून गेलं.
आता मुळं चुकवत, वीतभर लांबून,
बांबू तिरका खुपसतो
आणि मातीत काहीतरी तुटल्याचं
हाताला ऐकू येतं, कानाला नाही.

एकतीस वर्षं पालिकेच्या इस्पितळात
प्लास्टरच्या खोलीत काढली मी.
हाड डॉक्टर बसवायचे. बाकीचं आमचं:
कापूस, पट्टी, बादलीतलं कोमट पाणी,
आणि सुकेपर्यंत हात धरून उभं राहणं.
तेव्हा बांधणं मला येतं.
हिराचा जुना परकर फाडला, तिला विचारून.
सुतळी नको, सुतळी खोडात रुतते.
पहिली गाठ बांबूला, पक्की.
मग पीळ देऊन आठाचा आकडा,
इंग्रजी आठ, आपला आठ एका बाजूने उघडा राहतो.
मग खोडाभोवती वेढा, आणि वेढ्यात
करंगळी घालून बघायची. गेली पाहिजे.

ही करंगळी मला कुणी शिकवली नाही.

कांजूरचा पोरगा होता, नऊ-दहा वर्षांचा,
चिंचेवरून पडलेला.
खिशात चिंचा तशाच.
रांग पार दाराबाहेर. मी घट्ट ओढलं.
आई म्हणाली, भाऊ, लई रडतोय ओ.
मी म्हटलं, सगळेच रडतात.
रात्री दोनला सिस्टरनी प्लास्टर कापायला लावलं
तेव्हा बोटं जांभळी होती.
चार परत आली.

मला कुणी काही बोललं नाही.
बोलायला हवं होतं.

असो. शिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत जाईल,
त्याच्या आत भेंडी आणि गवार मातीत गेली पाहिजे,
नाहीतर इथलं ऊन कोंब वर येऊ देत नाही.
भेंडीचं बी रात्री भिजत घातलं
खोकल्याच्या बाटलीच्या टोपणात.
सकाळी हिराने बी.पी.ची गोळी समजून
एक दाणा उचललाच होता.

संध्याकाळी ती वर आली, कठड्याला टेकली.
सात बांबू, सात पांढऱ्या पट्ट्या.
अगंबाई, म्हणाली, वॉर्डच झालाय नुसता.
मग एक वेढा बोटाने ओढून पाहिला.
एवढं सैल? वाऱ्याने हलेल की.
म्हटलं, हलू दे.

ती भाकऱ्या टाकायला खाली गेली.
महाडेश्वरांच्या टाकीवर कावळा, मांजरं दोन,
बाकी गच्चीवर कुणी नव्हतं.
मी एकेका झाडापाशी उकिडवा बसलो
आणि जुन्या सवयीने, हलक्या आवाजात,
म्हणालो, हं, बोटं हलव बघू.

खाडीकडून जरासा वारा आला.
सहांनी हलवली.
सातव्याची गाठ सोडली,
पुन्हा बांधली.