आठवा पिक्चर

मोंढ्याच्या कोपऱ्यावर, चहाच्या गाड्याला पाठ लावून
माझं दुकान. दीड माणूस मावेल एवढं.
तवा मानवतात नेट म्हणजे चकरी फिरणं.
पाटीवर लिहिलेलं:
चार जीबीत सात पिक्चर, वीस रुपये.
आठवा मी न विचारता टाकायचो,
यादीच्या तळाशी, नाव बदलून:
'हे बघा'.

कुणाला कोणता, ते कार्ड हातात घेतल्यावर ठरायचं.
हळदीचं बोट उमटलेलं असलं तर माणूस वसमतकडचा,
त्याला लांबलचक चालायचा.
दाताखाली धरून आणलेलं असलं
तर घाईतला, त्याला दीड तासाचा.

जिनिंगवरच्या गंगासागरबाईचं कार्ड
पानाच्या चंचीतून निघायचं, कापसाच्या तुसासकट.
'मारामारी नको, मुंजाजी. आन कुणी मरायलं नाही पाहिजे.'
लई अवघड मागणं.
सातात बसंना म्हणून आठव्यासाठी दोन रात्री शोधलं.
सापडला एक, कुठल्यातरी बर्फाच्या मुलखातला:
म्हातारा नवरा-बायको एक घोडागाडी दुरुस्त करूलालेत,
ती होत नाही. बस्स.
भाषा मलाही कळाली नव्हती.
आठ दिवसांनी आली. मनली,
'बरा हे. पण चाक कामून बसंना
ते मला सुरुवातीलाच कळलं हुतं.
त्यांना कुणी सांगितलं कसं नाही?'

खय्यूमभाई सोयाबीनचा ट्रक चालवायचा.
'रातभर जागा रखनेवाला दे.'
मी दिला एक, ज्यात सारखी वाट बघणं आहे
आणि भिंतीवरचं घड्याळ.
झिरो फाट्याला गाडी बाजूला घेऊन
गडी चार तास झोपला.
परत येऊन कार्ड काउंटरवर आपटलं,
मग हसला: 'बहोत दिनां बाद सोया रे.
और है क्या वैसा?'

चुकायचंही.
टाकळकर सरांना मी दिला होता
घरातून निघून गेलेल्या पोराचा.
मला खरंच फार आवडलेला, शेवट तर असा की
दारातली चप्पल तशीच राहते.
सर आले. काही बोलले नाहीत.
कार्ड ठेवलं, वीसची नोट पुन्हा ठेवली,
मनले, 'हा काढून टाक. बाकीचे असू दे.'
त्यांच्या थोरल्याचं मला चहावाल्यानं सांगितलं,
ते गेल्यावर.
तवापासून कार्ड घालायच्या आधी विचारायचो,
घरी कोण कोण असतं?
लोकांना वाटायचं, जनगणनेचा आहे का काय हा.

मग नेट स्वस्त झालं.
कार्डं पोरांनी हरवली, म्हाताऱ्यांनी देवाऱ्यात ठेवली.
आता मी काचा बसवतो. फोनला कव्हर, चार्जर, पट्टा.
फोनच ज्याला त्याला सांगतो, तुम्हाला हे आवडेल.
सांगू दे. त्याचं कधीकधी बरोबरही निघतं.

परवा गंगासागरबाई आली. काच तडकलेली.
मी जुनी खरवडून काढूलालो तवर
ती स्टुलावर बसून मनली,
'तुला एक पिक्चर सांगते. लिहून घे.'
इतक्या वर्षांत मला कुणी सांगितला नव्हता.
पावतीच्या पाठीमागं लिहिलं.
'पहिला अर्धा तास काहीच घडत नाही. दम धर.
उठून जाऊ नको चहाला.'
मी विचारलं, 'कुणी मरतं का त्याच्यात?'
तिनं नवी काच पदरानं पुसली,
उजेडात धरून बुडबुडा आहे का बघितला.
'मरतंय एक,' मनली. 'पण नीट मरतंय.'

साडेनऊ झालेत. गाडीवाल्यानं स्टो विझवला.
शटर अर्धं ओढून घेतलंय.
एक बाई विहिरीच्या काठावर बसून
घागरीचा पोचा आतून ठोकूलालीय.
अर्धा तास होऊन गेला.
अजून काही घडलं नाही.
बघूलालो.