वायरीएवढं अंतर

सीताबर्डीतला दुकानदार डबा टेबलावर ठेवतो,
तान्ह्या पोळ्यातल्या लाकडी बैलासारखी
त्याची पाठ थोपटतो.
"ताई, आवाज नाही, धूर नाही, उचलायचा अन् न्यायचा.
आजकाल सगळे हाच घेऊन राहिले."
मी हिशोब मागते.
ऑक्सिजनचं मशीन साडेतीनशे वॉट.
तो कॅल्क्युलेटरवर बोटं चालवतो, पावणेतीन तास म्हणतो,
मग माझ्याकडे पाहून
"सव्वादोन धरा."
आणि कूलर?
"मशीन नाहीतर कूलर, ताई. दोन्ही नाही."

डब्याच्या पोटावर बारीक अक्षरांत सूचना:
चाळीस अंशांच्या वर वापरू नये.
आम्ही दोघंही हसतो.
मे महिन्यात इथे चाळीस म्हणजे
सकाळच्या तर्री-पोह्यांचा आकडा.

घरी, पाचपावलीत, जिन्याखाली
बाबांचा जनरेटर ताडपत्री पांघरून बसलाय.
'बारापात्रे लाइटिंग', त्यातलं 'लाइटिंग' खरवडलेलं.
एकतीस लग्नसराया तो हातगाडीवरून
वरातीच्या शेवटी चालला, बाबा त्याच्याही मागे.
पुढे बँड, घोडा, डोक्यावर झुंबरं घेतलेल्या बाया,
आणि झुंबरापासून झुंबरापर्यंत येत येत
शेवटी बाबांच्या गाडीला लागलेली काळी वायर.
"नवरदेवाचं तोंड मी कधी पाह्यलंच नाही," ते सांगायचे.
"वायर ताणली का पाऊल टाकायचं. बस."

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला
आणि विचारलं, सिगारेट किती?
एकही नाही, बाबा म्हणाले,
जरा अभिमानानेच.

जनरेटरची बाजूही मी मांडून पाहते.
तो संपत नाही. पेट्रोल ओता, दोरी ओढा, पुन्हा सुरू.
मशीन चालवेल, कूलरही चालवेल,
वर समोरच्या निमजेकाकूंचा पंखा.
पण ठेवायचा कुठे? बोळात, खिडकीखाली.
आणि खिडकीत कूलर,
बोळातली सगळी हवा वाळ्यातून ओढून
सरळ बाबांच्या खाटेवर सोडणारा.

"घे तो डबा," बाबा म्हणाले.
"पण याला विकू नको."
का, ते मी विचारलं नाही.

शनिवारी रात्री सव्वाला लाइट गेली.
(गच्चीवरून कोराडीच्या चिमण्यांचे लाल दिवे दिसतात.
ते कधी जात नाहीत.)
मी पिन लावली. मशीन पुन्हा सुस्कारू लागलं.
"चालू झाला काय?"
हो, बाबा.
"आवाज नाही येऊन राहिला."
मी त्यांचा हात धरून डब्यावर ठेवला,
आतला बारका पंखा त्यांच्या बोटांना कळला असावा.
"मुका आहे बिचारा," ते म्हणाले,
आणि हात तिथेच राहू दिला.

आकडा मात्र मुका नव्हता.
चौऱ्याऐंशी. एकोणऐंशी. त्र्याहत्तर.
जनरेटर कधी बंद पडेल ते सांगायचा नाही,
खोकायचा, थोडं थांबायचा, तेवढंच.
हा सगळं सांगतो, मिनिटासकट,
डॉक्टरांना जे विचारायचं
मी तीन महिने टाळत होते, तसं.
मी त्याच्यावर ओढणी टाकली.
हिरवा उजेड ओढणीतूनही येत राहिला.

एकसष्टवर बाबा उठून बसले.
"उकडून राहिलं पोरी. गॅलरीत बसू."

पुढे ते, भिंतीला हात लावत,
अंगात बनियन, टॉवेल खांद्यावर.
मधे नळी.
मागे मी, चाकांवरचं मशीन ढकलत,
मशीनवर डबा.
उंबऱ्याशी ते थांबले,
चौकट धरून दोन श्वास घेतले,
मागे न पाहता निघाले.

नळी ताणली.
मी पाऊल टाकलं.